शुगरचा सेन्सर परवडवायचा कसा?

सांगलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. यजमानांचं वय ६१, बरीच वर्षं मधुमेह आहे, आता दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं. अधूनमधून पहाटे घाम फुटून जाग येते. डॉक्टरांनी दंडाला लावायचा सेन्सर सुचवला. एकाला जवळपास पाच हजार रुपये पडले, चौदा दिवसांत तो संपला आणि मेडिक्लेम कंपनीने बिल परत पाठवलं. 'दर महिन्याला दहा हजार कुठून आणायचे?' असं त्या विचारतात.

ताई, पैशांचं नंतर बघू, आधी यजमानांचं. इन्सुलिन घेणाऱ्याला पहाटे घाम फुटतो तेव्हा रात्री शुगर खाली जात असण्याची शंका आधी घ्यायची. त्यासाठी नव्या सेन्सरची वाट बघू नका. चार-पाच रात्री तीनचा गजर लावा आणि घरच्या ग्लुकोमीटरवर बोट टोचून बघा. आकडा ७० च्या खाली आला तर लगेच तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ग्लुकोज नसेल तर साखर चालते, पण व्होग्लिबोजसारखी गोळी सुरू असेल तर साखरेचा गुण उशिरा येतो, तिथे ग्लुकोजच हवं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. सकाळी डॉक्टरांना फोन करा. इन्सुलिनचा डोस तेच बदलतील.

आता बिलाचं. आपल्याकडचा मेडिक्लेम मुळात रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे. घरी वापरायच्या वस्तू त्यात सहसा बसत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा रोखही रुग्णालयातल्या उपचारांवरच आहे. तरीही पॉलिसीची कागदपत्रं एकदा उघडा. ओपीडीचा लाभ जोडलेला आहे का? मुलाच्या किंवा सुनेच्या नोकरीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील आहेत का? असा लाभ असूनही बिल नाकारलं असेल, तर कोणत्या कलमाखाली नाकारलं ते लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं आणि तिथे फी लागत नाही. ज्या ज्येष्ठांचा मेडिक्लेमच नाही, त्यांना जुन्या करप्रणालीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची वजावट मिळते. पैसे रोखीने दिलेले नसावेत. बिलं जपून ठेवा आणि सेन्सरचं बिल त्यात धरता येईल का, ते आपल्या सीएंना विचारा.

पण माझ्या मते खरी बचत वापरात आहे. वर्षभर सेन्सर लावायचा तर २६ लागतात, म्हणजे सव्वा लाखाच्या पुढे खर्च. दर तीन महिन्यांनी एक लावला तर चार पुरतात, वीस हजारांत भागतं. आणि हा काटकसरीपुरता तोडगा नाही. चौदा दिवसांच्या नोंदी नीट मिळाल्या तर त्यावरून गेल्या तीन महिन्यांच्या शुगरचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. म्हणून सेन्सरकडे मनगटी घड्याळासारखं बघू नका, एक्स-रेसारखं बघा. एक्स-रे आपण रोज काढत नाही, दुखणं कुठे आहे ते कळण्यासाठी काढतो.

वर्षभर खरोखर कोणाला लागतो? टाइप १ ची मुलं आणि मोठी माणसं, इन्सुलिन घेणाऱ्या गरोदर स्त्रिया, दिवसातून तीन-चार वेळा इन्सुलिन टोचणारे आणि शुगर उतरली तरी ज्यांना कळत नाही असे रुग्ण. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ साली टाइप १ च्या सगळ्यांना सेन्सर देण्याची शिफारस केली, टाइप २ मध्ये मात्र इन्सुलिनवरच्या ठरावीक रुग्णांनाच. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यानेही २०२३ मध्ये इन्सुलिन घेणारे आणि शुगर वारंवार धोकादायक उतरणारे यांनाच पुढे धरलं. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्याने शेजाऱ्याच्या दंडावर दिसला म्हणून सेन्सर घेऊ नये. त्याने सलग तीन दिवस, रोज सात वेळा बोट टोचावं: तिन्ही जेवणांआधी, त्यांच्यानंतर दोन तासांनी आणि झोपताना. एकवीस स्ट्रिप्सचा खर्च काही शे रुपयांत आटोपतो. ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्सवरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. हात मात्र धुऊन पुसा. आंबा खाऊन तसंच बोट टोचलं तर आंब्याचीच शुगर दिसते!

ताई, तुमच्या यजमानांना सेन्सरचा उपयोग आहे. फक्त पंधरवडा वाया जाऊ देऊ नका. लग्नाचे किंवा गौरी-गणपतीचे दिवस निवडू नका, रोजचे साधे दिवस निवडा. पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर फार विसंबू नका. पहिला आठवडा नेहमीसारखं खाणं-पिणं ठेवा आणि वहीत वेळेसकट लिहा: पोहे, एकादशीची साबुदाणा खिचडी, इन्सुलिन, चालणं, झोप. दुसऱ्या आठवड्यात एकेकच गोष्ट बदलून बघा. पोह्यांसोबत उसळ घ्या, रात्री जेवल्यावर वीस मिनिटं चाला. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो. त्यामुळे आकडा पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. शिवाय त्याच दंडावर दाबून झोपलं तर शुगर खोटीच कमी दिसते. म्हणून पहाटेचा आकडा बोट टोचून ताडून घ्या. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्यांनी काही सेन्सर चुकतात, तेही डॉक्टरांना सांगा. शेवटी अहवालात दोनच गोष्टी आधी बघा. शुगर ७० ते १८० च्या दरम्यान दिवसाचे ७० टक्के, म्हणजे जवळपास १७ तास राहिली का? आणि ७० च्या खाली चार टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाभराच्या आत होती का? खूप थकलेल्या वृद्धांसाठी पहिलं लक्ष्य ५० टक्क्यांवर आणतात, दुसरं मात्र आणखी कडक, एक टक्क्याच्या आत ठेवतात.

खर्चाच्या आणखी काही गोष्टी. फोनवर सेन्सर वाचता येत असेल तर वेगळा रीडर घेऊ नका, पण तुमचा फोन चालतो का ते आधी तपासा. डॉक्टरांकडे दवाखान्यात वाचायचा सेन्सर मिळतो का, विचारा. तो बऱ्याचदा स्वस्त पडतो, मात्र शुगर उतरली तर घरी कळत नाही. मुदत संपत आलेला माल स्वस्तात घेऊ नका. सेन्सर मध्येच गळून पडला तर फेकू नका. खोका आणि अनुक्रमांक हाताशी ठेवून कंपनीच्या हेल्पलाइनला कळवा, बदलून मिळू शकतो. एकदा निघालेला सेन्सर पुन्हा चिकटवता येत नाही. सेन्सरबरोबर महिन्याच्या वर्गणीचं आहाराचं ॲप गळ्यात मारत असतील तर दोन्हींची किंमत वेगवेगळी विचारा. आणि सेन्सरसाठी इन्सुलिनच्या किंवा गोळ्यांच्या पैशांना हात लावू नका.

पुढचा सेन्सर घेण्याआधी डॉक्टरांसमोर बसून एका कागदावर प्रश्न लिहा: पहाटे शुगर उतरते का? रात्रीचा डोस जास्त होतो का? नाश्त्याने किती चढते? लिहायला प्रश्नच सुचला नाही, तर ते पाच हजार रुपये खिशातच राहू द्या.