संरक्षण दलांचा जनसंपर्क अधिकारी व्हायचंय? आधी खर्चाचा हिशेब मांडा

मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात बार्ज पी-305 बुडाली. बार्जवर किती माणसं होती? आधी 273 हा आकडा पुढे आला, नंतर तो 261 असल्याचं स्पष्ट झालं. नौदलाची जहाजं खवळलेल्या दर्यातून माणसं वर काढत होती. त्याच वेळी किनाऱ्यावर कुणीतरी प्रत्येक नवा आकडा तपासून माध्यमांना देत होतं. घरची माणसं टीव्हीसमोर बसलेली असताना एकही चुकीचं नाव आणि एकही चुकीचा आकडा बाहेर जाऊ न देणं, ही मोठी जबाबदारी आहे. हे काम संरक्षण जनसंपर्क अधिकाऱ्याचं. बातमीदारांच्या बोलीत ‘डिफेन्स पीआरओ’.

पत्रकारिता शिकणाऱ्या अनेक मुलामुलींना हे काम मनापासून करायचं असतं. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोर्स कुठला आणि फी किती?’ याचं उत्तर स्पष्टच दिलं पाहिजे. या पदाची थेट भरती आपल्याकडे होत नाही. त्यामुळे ‘डिफेन्स पीआरओ’च्या नावाने कुणी कोर्स विकत असेल, तर त्या प्रमाणपत्राने एकही दार उघडणार नाही. खरी दारं तीन आहेत. त्यांच्या अर्जाची फी फार तर काही शे रुपये आहे. खर्च वाढतो तो तयारीच्या वर्षांत, आणि त्यातला बराचसा टाळता येतो.

तीन दारं

पहिलं दार : भारतीय माहिती सेवा, गट ‘अ’. ही सेवा यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून मिळते. निवड झालेल्यांचं प्रशिक्षण दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत होतं. पुढे पत्र सूचना कार्यालय, आकाशवाणी आणि दूरदर्शनचे वृत्तविभाग यांसारख्या ठिकाणी नेमणूक होते. संरक्षण मंत्रालयाचं जनसंपर्क संचालनालय हे त्यांतलंच एक ठिकाण. तिथली नेमणूक मिळेलच अशी हमी नाही.

दुसरं दार : हीच सेवा, गट ‘ब’. यूपीएससी अधूनमधून या जागांची थेट भरती काढते. जागा भाषानिहाय असतात. पत्रकारितेची पदवी किंवा पदविका आणि कामाचा अनुभव मागितला जातो. मराठी वृत्तपत्रात किंवा वाहिनीत काम करणाऱ्यांनी या जाहिरातीवर डोळा ठेवावा. कामाचा अनुभव इथे थेट उपयोगी पडतो.

तिसरं दार : वर्दी. लष्कर, नौदल किंवा हवाई दलात अधिकारी व्हायचं, आपल्या शाखेत काम करायचं आणि पुढे जनसंपर्काच्या नेमणुकीवर जायचं. ही नेमणूक काही वर्षांची असते, कायमची नव्हे. आधी अधिकारी म्हणून उभं राहण्याची तयारी असेल तरच हा रस्ता धरावा.

अर्जाची फी

खालचे आकडे अलीकडच्या जाहिरातींतले आहेत. पैसे भरण्याआधी चालू जाहिरात पाहून घ्या.

- नागरी सेवा पूर्व परीक्षा : 100 रुपये. मुख्य परीक्षेसाठी आणखी 200 रुपये.
- यूपीएससीची थेट भरती (गट ‘ब’च्या जागा) : 25 रुपये.
- सीडीएस (दलांत अधिकारी होण्यासाठीची यूपीएससीची परीक्षा) : 200 रुपये, वर्षातून दोनदा.
- हवाई दलाची प्रवेश परीक्षा एएफकॅट : 550 रुपये अधिक जीएसटी.
- लष्कराची एनसीसी स्पेशल एंट्री आणि नौदलाच्या शॉर्ट सर्व्हिस एंट्री : फी नाही.

यूपीएससीच्या या परीक्षांत महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना फी माफ आहे. नागरी सेवा आणि थेट भरतीत दिव्यांगांनाही माफी मिळते. ओबीसी उमेदवारांना नागरी सेवा परीक्षेत वयात सवलत आहे, फीमध्ये मात्र नाही. हा गैरसमज दरवर्षी होतो आणि फी न भरलेला अर्ज बाद होतो.

कॉलेजात एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळवलं आणि पदवीला 50 टक्के गुण असले, तर स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेविना थेट एसएसबीसाठी, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीसाठी, अर्ज करता येतो. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यासाठी याहून स्वस्त रस्ता नाही.

एसएसबीचे पाच दिवस

वर्दीच्या वाटेवरचा मोठा टप्पा एसएसबीचा. महाराष्ट्रातल्या मुलांना लष्कराच्या केंद्रांपैकी भोपाळ आणि बंगळुरू ही त्यातल्या त्यात जवळची. राहणं आणि जेवण केंद्राकडून मोफत असतं. एखाद्या प्रकारच्या कमिशनसाठी (अधिकारपदासाठी) पहिल्यांदाच जात असाल, तर रेल्वेच्या थर्ड एसीचं जाण्यायेण्याचं भाडंही परत मिळतं. त्यासाठी तिकीट जपून ठेवा आणि पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत सोबत न्या. पहिल्याच दिवशी छाननीत बाहेर पडलात तरी हे भाडं मिळतं. दुसऱ्यांदा त्याच एंट्रीसाठी गेलात की प्रवास स्वतःच्या खिशातून. म्हणून पहिली खेप नुसती ‘बघून येऊ’ म्हणून वाया घालवू नका.

पांढरे बूट, पीटीचे कपडे, इस्त्रीच्या पॅन्ट-शर्टचे दोन जोड आणि पासपोर्ट फोटो एवढ्यावर भागतं. सूट शिवायची गरज नाही.

वैद्यकीय तपासणी लष्करी रुग्णालयात होते. तिची पूर्वतयारी मात्र घरूनच करून जावी. दातांच्या तपासणीत किमान 14 गुण (डेंटल पॉइंट) लागतात. किडलेला दात, कानातला मळ, वाढलेलं वजन या गोष्टींमुळे अपिलाची वेळ येते, पुन्हा प्रवास होतो आणि मुदतही निघून जाऊ शकते. जाण्याआधी एकदा दंतवैद्याकडे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन या. त्या खर्चाला मागेपुढे पाहू नका. कायमचा टॅटू काढण्याचा विचार असेल, तर आधी नियम वाचा.

खरा खर्च : तयारीची वर्षं

फीचे हे आकडे पाहून हायसं वाटेल, पण पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला विचारा. कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स आणि गावाकडे जाण्यायेण्याचा खर्च धरला, तर महिन्याला साधारण दहा-बारा हजार जातात. म्हणजे वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास. नावाजलेल्या यूपीएससी क्लासच्या पूर्ण बॅचला लाखाच्या वर वेगळे मोजावे लागतात. दोन वर्षांत घरचे तीन-चार लाख जातात, आणि शेतीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम सहज झेपत नाही.

पैसे भरण्याआधी मोफत दारं ठोठवा.

एसएसबीचं बोलावणं आलं असेल किंवा पात्रता बसत असेल, तर नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात अर्ज करा. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं हे केंद्र निवास, भोजन आणि प्रशिक्षण तिन्ही विनामूल्य देतं. चौकशी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. सैनिकाच्या घरातला नसलेला उमेदवारही तिथे जाऊ शकतो, हे अनेकांना माहीत नसतं.

यूपीएससीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या, आपापल्या सामाजिक प्रवर्गातल्या उमेदवारांसाठी योजना आहेत. निवड झाल्यास क्लासची फी आणि विद्यावेतन अशी मदत मिळते. मुंबईच्या राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्थेच्या प्रवेश परीक्षेलाही बसा. या सगळ्यांच्या मुदती वेगवेगळ्या असतात, म्हणून तारखा भिंतीवर लिहून ठेवा.

भाषेची भीती नको. नागरी सेवा मुख्य परीक्षेतले निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषयाचे पेपर मराठीत लिहिता येतात, मुलाखतही मराठीत देता येते. इंग्रजीचा पेपर पात्रतेपुरता असला तरी त्यात किमान गुण मिळवावेच लागतात. सीडीएसमध्ये मात्र इंग्रजीचा स्वतंत्र पेपर आहे आणि त्याचे गुण धरले जातात.

सही करण्याआधी

वर्दीच्या वाटेने निवड होऊन लष्कराच्या चेन्नईतल्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत गेलात, तर दरमहा 56,100 रुपये विद्यावेतन मिळतं. पण वैयक्तिक कारणाने प्रशिक्षण मधेच सोडलं, तर झालेला खर्च सरकार वसूल करतं. तसा बाँड लिहून द्यावा लागतो; तो घरी आई-वडिलांसोबत बसून वाचा. तसंच ‘आत ओळख आहे, नेमणूक करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. या तिन्ही दारांत दलालाला जागा नाही.

बिनखर्चाची, सगळ्यात मोलाची तयारी

परीक्षा पास झाली तरी काम येतं ते लिहिण्याच्या सवयीने. पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर संरक्षण मंत्रालयाची इंग्रजी पत्रकं रोज येतात, फुकट वाचता येतात. एक उचला, वाचून बाजूला ठेवा आणि तीच बातमी मराठीत आठ ओळींत लिहा. मग स्वतःला विचारा. आकडा कुणी दिला, किती वाजताचा? ‘बेपत्ता’ लिहायचं तिथे ‘मृत’ तर लिहिलं नाही? घरच्यांना कळायच्या आधी कुणाचं नाव तर जात नाही? जहाजाची जागा सांगताना चालू मोहीम तर उघडी पडत नाही? या चार प्रश्नांतून सुटलेलं पत्रक म्हणजे या कामाचा पहिला धडा.

‘सैनिक समाचार’चे मराठी अंकही चाळा. 1909 साली ‘फौजी अखबार’ म्हणून सुरू झालेलं हे नियतकालिक जनसंपर्क संचालनालय तेरा भाषांत काढतं आणि त्यात मराठी आहे. लष्करी शब्द सोप्या मराठीत कसे आणायचे, याचा तो चालता-बोलता नमुना. वार्ताहर झालात तर संचालनालयाच्या संरक्षण वार्ताहर अभ्यासक्रमासाठी आपल्या संपादकांकडे नाव द्या. वर्दी न घालताही दलांचं काम जवळून समजतं.

पहिल्या वर्षाचा हिशेब

घरी राहून, मोफत केंद्राचा आधार घेऊन, नागरी सेवेची पूर्व परीक्षा एकदा आणि सीडीएस दोनदा दिली, तर फीचे 500 रुपये होतात. पुस्तकं, दात-कानाची तपासणी आणि प्रवास धरला तरी पहिलं वर्ष पंधरा-वीस हजारांत निघू शकतं. त्यात स्वतःची ताकद कळते. मोठ्या क्लासची फी भरायची की नाही, हे त्या निकालानंतर ठरवा. तोवर घरच्यांचा पैसा बँकेतच राहू द्या आणि रोजची आठ ओळींची बातमी चुकवू नका.