कानपूरच्या भंगारातून उठलेले विमान

संग्रहालयातील वस्तू मूक असते. तिचा इतिहास ठाऊक असेल तरच ती पाहणाऱ्याशी बोलू लागते. लंडनच्या हेंडन भागात रॉयल एअर फोर्सचे संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धातील अनेक विमाने तेथे दुरुस्त करून, रंग देऊन मांडली आहेत. त्यांतील ‘लिबरेटर’ नावाच्या बाँबफेकी विमानाची कथा आपल्या देशाशी निगडित असल्याने तिचा परिचय येथे करून देत आहे.

लिबरेटर हे अमेरिकन बनावटीचे विमान. त्याच्या पंखांचा विस्तार ११० फूट आणि लांबी सुमारे ६७ फूट. चार इंजिने, प्रत्येकाची शक्ती सुमारे १२०० अश्वशक्ती. पोटाखालचे दरवाजे दुकानाच्या लोखंडी शटराप्रमाणे गुंडाळत बाजूने वर सरकत व बाँबांना वाट मोकळी होई. बाँबांच्या दोन रांगांमधून जाण्यास जेमतेम वीतभर रुंदीची पट्टी असे. कडाक्याच्या थंडीत, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बांधून, आठ-दहा वैमानिक व सैनिक या अडचणीच्या जागेत तासन्‌तास काढीत.

युद्धकाळात अशी १८,००० हून अधिक विमाने तयार झाली. १९४४ मध्ये फोर्ड कंपनीच्या विलो रन येथील कारखान्यातून तासाला सुमारे एक विमान बाहेर पडे. परंतु युद्ध संपताच त्यांची गरजही संपली व बहुतेक विमाने मोडीत निघाली. अमेरिकेने ब्रिटनला उसनवार दिलेली भारतातील कित्येक लिबरेटर विमाने कानपूर येथे निकामी करून टाकून देण्यात आली.

स्वातंत्र्यानंतर भारताला बाँबफेकी विमानांची निकड भासली. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या कारागिरांनी या भंगाराची तपासणी केली. एका विमानाचे भाग काढून दुसऱ्यास जोडून त्यांनी ती निदान बंगळूरपर्यंत उडण्याजोगी केली. कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी अशी सुमारे ४० विमाने बंगळूरला नेली. प्रत्येक उड्डाण जिवावरचे होते, हे वेगळे सांगावयास नको. तेथे पूर्ण दुरुस्ती होऊन नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय वायुदलाची पाचवी तुकडी या विमानांसह उभी राहिली. पुढे १९५१ मध्ये पुण्यास सहावी तुकडी उभारण्यात आली. तिची लिबरेटर विमाने समुद्रावर टेहळणी करीत. १९६८ च्या अखेरीस ही विमाने सेवानिवृत्त झाली.

हेंडनचे विमान यांपैकीच एक. ते १९७४ मध्ये भारतातून ब्रिटनला गेले. अमेरिकेतील टक्सन, कॅनडातील ओटावा व दिल्लीजवळचे पालम येथील संग्रहालयांतील लिबरेटर विमानेही भारतीय वायुदलातलीच. ज्यांनी ती बनविली त्यांनी ती मोडली. ज्यांच्या दारी ती टाकली त्यांनी ती जतन केली.

तथापि कौतुकाच्या भरात या विमानाचे मूळ कार्य विसरू नये. जपानने युद्धकैदी व मजूर यांच्याकडून बांधून घेतलेल्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर लिबरेटर विमानांनी बाँब टाकले. त्या मजुरांत मलायातील तमिळ लोक मोठ्या संख्येने होते. ती रेल्वे बांधताना हजारो माणसे उपासमारीने व रोगाने मेली. आणि शत्रूचे पूल उडविणाऱ्या बाँबांनी लगतच्या छावण्यांतील कैद्यांचेही बळी घेतले. वैमानिकाला आकाशातून पूल दिसे, माणूस दिसत नसे.

विद्यार्थिमित्रहो, युद्धसामग्रीचे संग्रहालय पाहण्याचा योग आला तर विमानाचा वेग व वजन वहीत उतरवून थांबू नका. ते कोणाच्या हातांनी घडले, कोणी राखले आणि कोणावर कोसळले, याचीही नोंद करा. कारागिराच्या कौशल्याचा अभिमान आणि मृतांविषयीची करुणा ही दोन्ही एकाच मनात नांदू शकतात. तशी ती नांदविणे हेच इतिहासाच्या अभ्यासाचे खरे फळ होय.