दाब मोजल्याशिवाय दारू नाही

खडकी, पुणे

चि. बाळ यास,


काडतुसं परवडत नाहीत, रेंजवरच्या पुंगळ्या आणून केजला घरीच भरल्या तर पिस्तुलाला कुठली दारू चांगली, असं तू विचारलंस. माझी सगळी नोकरी दारूगोळा कारखान्यात गेली. हे करून बसण्याआधी मला विचारलंस, फार बरं केलंस. उत्तर आधीच सांगतो : घरी भरायचं नाही. आता कारण समजून घे.

पिस्तुलाची नळी आखूड. गोळी बाहेर पडायच्या आत दारू जळून गेली पाहिजे, म्हणून पिस्तुलाला झपाट्यानं जळणारी दारू लागते आणि रायफलीला सावकाश जळणारी. ही बिनधुराची दारू १८८४ साली फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी तयार केली. तिच्या मुळाशी नायट्रोसेल्युलोज असतं, काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही. दोन डब्यांतले करडे दाणे तळहातावर घेतले तर सारखेच दिसतात, पण पेटल्यावर एकाचा दाब दुसऱ्याच्या कितीतरी पुढे जातो. त्यातून जलद दारू लागते चिमूटभर, पुंगळी अर्धीही भरत नाही. नजरचुकीनं दुसऱ्यांदा पडली तरी आत मावते, वर गोळी नीट बसते आणि काडतूस बाहेरून अगदी निर्दोष दिसतं. मग चेंबर फुटतं तेव्हा त्याच्यामागे तुझी बोटं आणि डोळे असतात.

गावाकडं ठासणीच्या बंदुकीत काळी दारू अंदाजानं भरणारे तुला धीर देतील. त्यांचं ऐकू नकोस, तो हिशोब इथं लागू पडत नाही. अमेरिकेत हौशी लोक घरी काडतुसं भरतात, पण दारू बनवणाऱ्यांनी प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेले तक्ते समोर ठेवून. तुझ्या हाती येईल ती बिननावाची पुडी. तिचा दाब तुला कोण मोजून देणार?

२४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन अनेक जण गेले. कडक शिस्तीच्या कारखान्यात, सरावलेल्या माणसांच्या बाबतीत हे घडलं. तुझ्या घरात तर शेजारच्या खोलीत तुझी आई, माझी ताई असते.

कायदाही नीट ध्यानात घे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाल्यावर आपल्या बीड जिल्ह्यातले कितीतरी शस्त्रपरवाने रद्द झाले. बीडच्या पोरानं खेळासाठी पिस्तूल धरलं तर त्याचा कागद न् कागद चोख हवा.

आणि खरं सांगू? तुला ज्या खेळात उतरायचंय, तिथं हा प्रश्नच येत नाही. २५ मीटर पिस्तुलाच्या महिला स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारात पॉइंट टू टूचं काडतूस चालतं. त्याचा पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो. पिन बसली की कड चेपते, ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही.

निवडायचंच असेल तर विकतच्या काडतुसांचा लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, निवड. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. पिस्तूल टेकूवर घट्ट ठेवून प्रत्येक लॉटच्या गोळ्या वेगळ्या कागदावर झाड. ज्याची छिद्रं सगळ्यांत जवळजवळ पडतील, तो लॉट तुझ्या नळीला मानवला. क्लबमधल्या चौघांनी मिळून तोच घ्यावा.

पैशाची ओढाताण असेल तोवर १० मीटरच्या एअर पिस्तुलावर राहा. तिथं दारूच नाही, दाबलेली हवा आणि ४.५ मिलिमीटरचा छरा. लॉटची ही परीक्षा छऱ्यांवरही करता येते आणि ट्रिगर दाबायची शिस्त तीच अंगात मुरते.

पुंगळ्या आणल्या असशील तर उद्याच क्लबमध्ये जमा कर. पुढच्या पत्रासोबत तीन वेगवेगळ्या छऱ्यांचे कागद पाठव, कुठला घ्यायचा ते आपण मिळून ठरवू. एअर पिस्तुलाच्या छऱ्यांचा वर्षाचा खर्च माझ्याकडे लागला.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा