व्यावसायिकांची भागीदारी आणि मर्यादित दायित्व

समजा, नाशिकमध्ये तीन सनदी लेखापाल भागीदारीत व्यवसाय करीत आहेत. सातपूरच्या एका कारखान्याचे हिशेब तपासताना त्यांपैकी एकाच्या हातून गंभीर हयगय झाली व कारखानदाराचे मोठे नुकसान झाले. भरपाई कोणी द्यावयाची? १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमानुसार हे दायित्व सर्व भागीदारांवर संयुक्तपणे व वेगवेगळेही येते आणि ते अमर्याद असते. त्या कारखान्याचे दप्तर कधीही न पाहिलेल्या भागीदाराचे राहते घरही त्यात जाऊ शकते.

संसदेने २००८ मध्ये संमत केलेल्या मर्यादित दायित्व भागीदारी अधिनियमाने यावर मार्ग काढला. किमान दोन भागीदारांना कंपनी निबंधकाकडे नोंदणी करून अशी संस्था स्थापन करता येते. तिच्या नावाअखेरीस 'एलएलपी' ही अक्षरे असतात. तिला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व असल्याने तिचे देणे तिच्याच मालमत्तेतून भागवावयाचे असते. सहकाऱ्याच्या चुकीसाठी निर्दोष भागीदार वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरत नाही. २०१३ च्या कंपनी अधिनियमानुसार अशा लेखापाल संस्थेस कंपनीचा लेखापरीक्षक म्हणून नेमता येते.

मात्र हे कवच स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालण्यासाठी नाही. ज्याच्या हातून हयगय झाली, तो स्वतः जबाबदार राहतोच. फसवणुकीच्या हेतूने वागणाऱ्या भागीदाराचे दायित्व तर अमर्याद होते. शिवाय दरवर्षी हिशेब व विवरणपत्र निबंधकास सादर करणे बंधनकारक आहे.

म्हणून अशिलानेही केवळ संस्थेचे नाव पाहून थांबू नये; आपल्या कामाची जबाबदारी कोणत्या भागीदाराने घेतली आहे, हे प्रारंभीच लेखी नोंदवून घ्यावे.