चार चौकोनांचा पेच

प्रश्न : शब्दकोड्यात ‘नेमून दिलेले नियम न जुमानणारा’ अशी सूचना होती. चौकोन ४, शेवटी ‘र’. मी ‘गुन्हेगार’ लिहिले, पण उभे शब्द जुळेनात. चुकले कुठे?

उत्तर : अक्षरांची मोजणी तुम्ही बरोबर केलीत. मराठी कोड्यात जोडाक्षराला एकच चौकोन, म्हणून ‘न्हे’ एका घरात बसतो. अनुस्वारालाही वेगळे घर नसते. अडचण क्रियापदात आहे. कायदा ‘मोडणारा’ तो गुन्हेगार किंवा अपराधी; ‘न जुमानणारा’ मात्र बंडखोर. निवडणुकीत पक्षाचा आदेश झुगारून उभा राहणारा उमेदवार बंडखोरच ठरतो, त्याने कायदा मोडलेला नसतो. दोन्ही शब्द चार अक्षरी, दोन्हींच्या शेवटी ‘र’. त्यामुळे तिसऱ्या घरात ‘गा’ येतो की ‘खो’, हे उभ्या शब्दावरून आधी पाहा.

शेवटचे अक्षर ‘ल’ असेल तर ‘उच्छृंखल’ आठवा. दोनच घरे असतील तर ‘स्वैर’ किंवा ‘पुंड’. नियमासाठी तीन घरांत कायदा, दंडक, निर्बंध हे तिन्ही बसतात.

आणि गुन्हेगारासाठी ‘आरोपी’ कधीही लिहू नका. आरोप सिद्ध होईपर्यंत तो गुन्हेगार नसतो. कोड्यातही हा भेद पाळलाच पाहिजे.