अंगावर काढलेले दुखणे

मराठीत 'दुखणे अंगावर काढणे' असा एक वाक्प्रचार आहे. शरीराला त्रास होत असतो. पण माणूस कोणाला सांगत नाही, औषध घेत नाही आणि काम करीत राहतो. उर्दूत आपण 'सह लेना' म्हणतो, ते याच्या अगदी जवळचे. आता आपल्या घरात पाहा. अब्बांना ताप आला की सारे घर त्यांच्याभोवती गोळा होते. अम्मीला ताप आला तर ती एक गोळी घेते आणि स्वयंपाकाला लागते. दादीला काय होते, ते तर पुष्कळदा कळतही नाही.

ही गोष्ट एकट्या तुमच्या घरची नाही. आपल्याच भागात तिचा शास्त्रीय अभ्यास झाला आणि तो जगभर गाजला.

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा नवा जिल्हा झाला. दाट जंगल, भाताची शेती आणि विखुरलेली गावे असा हा प्रदेश. येथील बायकांच्या कामाला अंत नाही. पावसाळ्यात चिखलात दिवसभर वाकून धानाची रोवणी करायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचायची. पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम आला की पहाटेच जंगलात जायचे, पाने तोडून आणायची आणि घरी बसून त्यांचे पुडके बांधायचे. शिवाय पाणी, सरपणाची मोळी, चूल आणि मुले आहेतच.

डॉ. राणी बंग या मूळच्या चंद्रपूरच्या. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. त्या आणि त्यांचे पती डॉ. अभय बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परत आले आणि १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. मोठ्या शहरात त्यांना सहज काम मिळाले असते. ते येथे आले.

त्या काळी खेड्यातील स्त्रीच्या आरोग्याचा विचार म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच होता. बाळंतपण नसताना ती बरी असते का, हे गावात जाऊन कोणी तपासले नव्हते. राणीताईंनी ते तपासायचे ठरवले. गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील बायकांना विश्वासात घेऊन त्यांनी १३ वर्षांवरील ६५० मुली व स्त्रियांची तपासणी केली. आकडे नीट वाचा. शंभरातील ९२ जणींना स्त्रियांचा कोणता ना कोणता आजार होता. एकेकीला सरासरी तीनहून अधिक आजार होते. यापूर्वी अशा आजारासाठी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया शंभरात फक्त ८ होत्या. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

या अभ्यासातील आणखी एक आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शंभरातील ४५ जणींनी आपल्याला काही त्रास असल्याचे सांगितलेच नव्हते. मग त्यांतल्या बहुतेकींना आजार निघाला कसा? काही आजारांत सुरुवातीला काहीच जाणवत नाही. काही त्रास वर्षानुवर्षे असतो, म्हणून तो आजार आहे असे वाटत नाही. आई असेच सहन करीत होती, सासू असेच सहन करते, मग मुलगीही तेच करते. त्यात लाज असते. तपासायला पुरुष डॉक्टर असला तर बोलणे आणखी अवघड होते.

पुढे १९९४ साली कैरो येथे लोकसंख्या आणि विकास यांविषयी जागतिक परिषद भरली. स्त्रीचे आरोग्य केवळ कुटुंबनियोजनापुरते पाहू नये, हा विचार तेथे अनेक देशांनी मान्य केला. बंग पती-पत्नींना २०१८ मध्ये भारत सरकारने पद्मश्री दिली. त्यांनी धानोरा तालुक्यात उभारलेल्या शोधग्राममधील दवाखान्याला आदिवासींच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे नाव आहे. तो एका मोठ्या इमारतीत नाही. झोपड्यांच्या गावासारखी त्याची रचना आहे आणि रोग्यासोबत घरची माणसेही तेथे राहतात. घाबरलेला माणूस दुखणे सांगत नाही, हे ओळखून तो तसा बांधला आहे.

आता तुम्ही विचाराल, दादीच्या म्हातारपणाशी याचा काय संबंध? संबंध आहे. साठाव्या वर्षी दिसणारी पुष्कळ दुखणी विसाव्या, तिसाव्या वर्षी सुरू झालेली असतात. हाडांचेच पाहा. हाडे भरतात ती मुख्यतः तुमच्या वयात. तिशीपर्यंत जमलेली ही पुंजी पुढे जन्मभर पुरवायची असते. पंचेचाळीस-पन्नाशीच्या आसपास स्त्रीची मासिक पाळी थांबते आणि त्यानंतर हाडे भराभर विरळ होऊ लागतात. मग साध्या पडण्यानेही मनगट किंवा खुबा मोडतो. जिने लहानपणी दूध, तीळ, पालेभाज्या आणि मामा तलावातली काट्यांसकट खाता येणारी बारीक मासळी खाल्ली, तिची पुंजी मोठी. हाडांना ऊनही लागते. जंगलात राबणाऱ्या बाईला ते पुष्कळ मिळते. शहरात घरातच राहणाऱ्या बाईला मिळत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात कोणी बसा असे मी म्हणणार नाही! पण हिवाळ्यात अंगणात बसायला काय हरकत आहे?

रक्तक्षयाचेही असेच आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. थकवा, धाप, चक्कर ही त्याची लक्षणे. घरात सर्वांत शेवटी जेवणारीच्या ताटात भात उरतो, भाजी आणि मांस उरत नाही. जेवणाबरोबर लिंबू घेतले तर अन्नातील लोह अंगी लागते. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर ते कमी लागते. आपल्या भागात सिकलसेलचा आजारही आढळतो. तो लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. म्हणून आधी रक्त तपासावे, मग औषध घ्यावे.

चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब होतात आणि डोळ्यांनाही इजा होते. खर्रा, गुडाखू आणि तपकीर यांविषयी बोलायलाच नको. दात स्वच्छ होतात असे सांगून कित्येक बायका गुडाखू घासतात. त्यात तंबाखू असते आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो.

दादी स्वतः सांगत नसतील तर कसे ओळखायचे? नीट पाहायचे. काही दिवसांपासून त्या खुर्चीवर बसून नमाज पढू लागल्या असतील, तर त्यांचे गुडघे दुखत आहेत. सुईत दोरा ओवायला तुम्हाला बोलावत असतील, तर डोळे तपासायला हवेत. रात्री पुन्हा पुन्हा उठून पाणी पीत असतील, तर मधुमेह आहे का हे पाहायला हवे. पाळी थांबून वर्षे झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर एक दिवसही थांबू नये. ही गोष्ट त्या मुलाला सांगणार नाहीत. नातीला कदाचित सांगतील.

तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा व स्तनाचा कर्करोग आणि स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी विनामूल्य आहे. कोणत्या दिवशी जावे आणि तपासायला स्त्री डॉक्टर असतील का, हे गावातील किंवा मोहल्ल्यातील आशाताईंना विचारता येते. जाताना जुने कागद आणि चालू असलेल्या गोळ्या सोबत न्याव्यात. दादींना मधुमेह असेल तर रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे जावे, म्हणजे रोजे ठेवता येतील का आणि गोळ्यांची वेळ कशी बदलायची, हे वेळेवर कळते.

शब्दार्थ
रोवणी – धानाची रोपे चिखलात लावणे
पुडके – पानांची बांधलेली लहान गड्डी
रक्तक्षय – अंगातील रक्त कमी होणे
खुबा – मांडी आणि कमर यांचा सांधा
पुंजी – साठवलेले धन

स्वाध्याय
१. वसा आणि अमिर्झा येथील अभ्यासात काय आढळले?
२. स्त्रिया आपले दुखणे का सांगत नाहीत? पाठाच्या आधारे लिहा.
३. माँ दंतेश्वरी दवाखान्याची रचना वेगळी का आहे?
४. वाक्यात उपयोग करा : अंगावर काढणे, विश्वासात घेणे, अंगी लागणे.
५. आपल्या दादी किंवा नानी तुमच्या वयाच्या असताना दिवसभर कोणती कामे करीत आणि काय खात, हे त्यांना विचारा व दहा ओळी मराठीत लिहा.