जुन्या कागदांची भाषा

मुलांनो, इंदापूर तालुक्यात १८३५ साली गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी पाहणी सुरू केली. ती हकीकत पुणे जिल्ह्याच्या १८८५ सालच्या गॅझेटिअरमध्ये आहे. त्यात बारामतीचीही माहिती मिळते. जुनी पाने हाताळली की फाटतात, त्यांना वाळवी लागते. म्हणून हा ग्रंथ आता संगणकावर आणला आहे. तो घरबसल्या वाचता येतो.

मात्र पुण्याच्या पेशवे दफ्तरातील बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत. कागदाचे चित्र संगणकावर दिसले, तरी लिपी येत नसेल तर तो मुकाच राहतो. ‘कागद’, ‘दफ्तर’, ‘जमीन’ हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. मग मोडी शिकाल ना?

स्वाध्याय : मराठी व उर्दूत समान असलेले पाच शब्द लिहा.